नदीकाठची झुडपे आणि लीस्ट बेल्स व्हिरिओ

दक्षिण कॅलिफोर्नियातील नद्यांच्या काठी वाढणाऱ्या दाट झुडपांत, जमिनीपासून जेमतेम एक मीटर उंचीवर घरटे बांधणारा ‘लीस्ट बेल्स व्हिरिओ’ हा अमेरिकेतील संकटग्रस्त गाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक होय. कॅलिफोर्निया राज्याने १९८० मध्ये आणि केंद्र सरकारने २ मे १९८६ रोजी त्याला संकटग्रस्त घोषित केले. त्या वेळी साऱ्या अमेरिकेत या पक्ष्याच्या नरांनी राखलेली केवळ २९१ क्षेत्रे ज्ञात होती. पुढील वीस वर्षांत ही संख्या जवळपास दहापट, म्हणजे तीन हजारांच्या घरात गेली. पक्षिसंवर्धनाच्या इतिहासात इतके ठळक यश क्वचितच आढळते. मात्र हे यश निसर्गाने आपणहून दिलेले नाही. पिंजरे, कोयते, रोपवाटिका आणि धरणाच्या पाण्याविषयीचे करार यांच्या आधारावर ते उभे आहे. हे आधार काढून घेतले तर काय होईल, हाच या पक्ष्यासंबंधीचा खरा प्रश्न आहे.

जॉन जेम्स ऑड्युबॉन या विख्यात पक्षिचित्रकाराने १८४३ मध्ये मिसुरी नदीच्या वरच्या भागात प्रवास केला. त्या मोहिमेत पक्ष्यांची कातडी पेंढा भरून टिकवण्याचे काम जॉन बेल याच्याकडे होते. त्याच्या सन्मानार्थ ऑड्युबॉनने या जातीला ‘बेल्स व्हिरिओ’ हे नाव दिले. तिच्या चार उपजाती मानल्या जातात. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील उपजातीचे ‘पुसिलस’ हे शास्त्रीय नाव १८६६ मध्ये एलियट कूज यांनी दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘अगदी लहान’, आणि त्यावरूनच ‘लीस्ट’ हे इंग्रजी विशेषण आले. ‘व्हिरिओ’ या शब्दाचे मूळ हिरवेपणा दर्शविणाऱ्या लॅटिन धातूत आहे. गंमत अशी, की चारही उपजातींत हिरव्या रंगाची झाक सर्वांत कमी असलेला, जवळजवळ राखाडी पक्षी हाच.

व्हिरिओचे कुळ प्रामुख्याने अमेरिका खंडातील असून महाराष्ट्रात या कुळातील पक्षी आढळत नाहीत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासानंतर हिमालयातील श्राइक-बॅबलर पक्ष्यांची गणना मात्र याच कुळात होऊ लागली आहे. आकाराच्या दृष्टीने हा पक्षी आपल्या चष्मेवाल्याहून थोडाच मोठा, बारा सेंटिमीटरांच्या आसपास लांबीचा आणि आठ-दहा ग्रॅम वजनाचा असतो. पाठ राखाडी, पोट पांढुरके, पंखावर पुसटशी पट्टी. डोळ्यांत भरेल असे त्याच्या रूपात काही नाही. त्यामुळे तो दिसण्याआधी ऐकू येतो. नराचे गाणे घाईघाईचे व काहीसे खरखरीत असते. एका ओळीचा शेवट वर चढतो आणि दुसरीचा खाली उतरतो. जणू एकाच पक्ष्याने प्रश्न विचारावा आणि त्यानेच त्याचे उत्तर द्यावे. अंड्यांवर बसण्याच्या कामात नराचाही वाटा असतो आणि घरट्यात बसल्या बसल्याही तो गातो. पक्षिगणना करणाऱ्यांचे काम त्यामुळे बरेच सोपे होते.

हिवाळा मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात घालवून हे पक्षी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत परततात. परतलेला नर बहुधा आपल्या जुन्या जागेवरच येतो. काही वेळा तर गेल्या वर्षीचे झुडूपही तो सोडत नाही. नर-मादी मिळून घरटे बांधतात. पाने, सालीचे तंतू, विलोचे तुरे आणि कोळ्याचे जाळे यांपासून विणलेली ही लहानशी वाटी बारीक फांदीच्या बेचक्यात काठाने टांगलेली असते. चष्मेवाल्याचे झोळीसारखे घरटे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रचनेची कल्पना सहज येईल. त्यात तीन ते चार पांढरी, बारीक ठिपके असलेली अंडी असतात. सुमारे चौदा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि आणखी दहा-बारा दिवसांत घरटे सोडतात.

या सर्व व्यवहाराला आवश्यक असलेली वनस्पतिसृष्टी विशिष्ट प्रकारची आहे. तिच्यात विलोचे स्थान पहिले. महाराष्ट्रात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा विलोच्याच प्रजातीतील वृक्ष. त्याची कॅलिफोर्नियातील भावंडे, विशेषतः ‘अरॉयो विलो’ आणि ‘ब्लॅक विलो’, व्हिरिओच्या अधिवासाचा कणा आहेत. त्यांच्या जोडीला ‘म्यूलफॅट’ नावाचे, विलोसारखीच लांबट पाने असलेले झुडूप, रानगुलाब आणि काठापासून थोड्या अंतरावर ‘कॉटनवुड’ हे उंच वृक्ष असतात. उंच झाडांच्या पानांवरील अळ्या व किडे व्हिरिओ आवडीने टिपतो. परंतु घरट्यासाठी त्याला हवा असतो तो तळाचा थर. जमिनीपासून अर्धा मीटर ते तीन मीटर या पट्ट्यात पालवी दाट असली, तरच घरटे शत्रूच्या नजरेआड राहते.

इथेच एक बारकावा आहे आणि संवर्धनाची बरीचशी गुंतागुंत त्यातून निर्माण होते. विलोचे रान जुने झाले की वरचे छत मिटते, खाली ऊन पोचत नाही आणि तळाचे झुडूप विरळ होते. बाहेरून पाहणाऱ्याला असे रान अधिक समृद्ध वाटते, पण व्हिरिओच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता घटलेली असते. पाच ते दहा वर्षे वयाची झुडपे त्याला सर्वांत अधिक मानवतात. थोडक्यात, या पक्ष्याला वनाची एक विशिष्ट अवस्था लागते. कुंपण घालून वन जपता येते. वनाची एखादी अवस्था मात्र तशी जपता येत नाही, ती पुन्हा पुन्हा निर्माण व्हावी लागते.

ती निर्माण करण्याचे काम पूर्वी पूर करीत असत. दक्षिण कॅलिफोर्नियातील नद्या उन्हाळ्यात रोडावतात आणि हिवाळी पावसात एकाएकी फुगतात. मोठा पूर काठावरील जुनी झाडे उपटून नेतो, पात्र बदलतो आणि ओसरताना ओल्या वाळूचे उघडे पट्टे मागे ठेवतो. विलोचे बी कापसासारख्या तंतूंवर तरंगत येते. ते फार अल्पायुषी असते. योग्य वेळी ओली आणि उघडी जमीन मिळाली नाही, तर ते वाया जाते. वसंत ऋतूत बी उडण्याची वेळ आणि पूर ओसरण्याची वेळ साधारण एकच येते. त्यामुळे दर मोठ्या पुरानंतर कुठे ना कुठे कोवळ्या विलोचे नवे दाट रान उगवे, आणि जुने रान उंच होईपर्यंत व्हिरिओला दुसरीकडे जागा तयार असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पक्षी कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यात उत्तरेकडील रेड ब्लफ गावापर्यंत नित्य आढळत असे. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्यांचे हे विस्तीर्ण खोरे त्याचे मुख्य घर होते. पुढे शेतीसाठी काठ साफ झाले. बंधारे, धरणे आणि पूरनियंत्रणाच्या भिंतींनी नद्यांना एका जागी जखडले आणि उरलेल्या झुडपांत गुरे चरू लागली. गुरे नेमका तळाचाच थर खातात. मध्यवर्ती खोऱ्यातील काठवनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाली, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हिरिओ तेथून जवळजवळ नाहीसा झाला होता. १९८० च्या दशकात उरलेल्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य पक्षी सॅन डिएगो काउंटीतील मोजक्या नद्यांवर एकवटलेले होते.

अधिवास आक्रसल्यामुळे पक्षी कमी होणार, हे उघड आहे. परंतु जिथे झुडपे शिल्लक होती तिथेही व्हिरिओ कमी होत होता. याचे कारण ‘काउबर्ड’ हा दुसरा पक्षी. आपल्याकडे गायबगळा गुरांच्या मागोमाग फिरून किडे टिपतो. तसाच हा तपकिरी डोक्याचा, काळसर पक्षी पूर्वी उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत बायसनच्या कळपांमागे फिरे. गायी-गुरे आणि शेती पश्चिमेकडे सरकली तसा तोही सरकला आणि १९०० नंतर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात झपाट्याने वाढला. कोकिळेप्रमाणे तोही परभृत. स्वतःचे घरटे न बांधता मादी इतरांच्या घरट्यांत अंडी घालते आणि एका हंगामात अशी चाळीसपर्यंत अंडी घालू शकते.

कोकिळेचे अंडे कावळ्याच्या घरट्यात जाते तेव्हा यजमान पक्षी आकाराने मोठा असतो आणि त्याची स्वतःची पिल्लेही पुष्कळदा वाढतात. काउबर्ड आणि व्हिरिओ यांचे नाते तसे नाही. काउबर्ड व्हिरिओच्या कितीतरी पट वजनाचा. त्याचे अंडे दहा ते बारा दिवसांत, म्हणजे व्हिरिओच्या अंड्यांच्या आधी फुटते. आधी जन्मलेले मोठे पिल्लू सगळा चारा ओढून घेते आणि व्हिरिओची पिल्ले उपाशी मरतात. परके अंडे आढळल्यावर पुष्कळ जोड्या घरटेच सोडून देतात. परिणाम दोन्हीकडे एकच, त्या घरट्यातून व्हिरिओचे पिल्लू बाहेर पडत नाही. मैदानी प्रदेशातील पक्ष्यांना काउबर्डची हजारो वर्षांची सवय होती. कॅलिफोर्नियातील व्हिरिओला ती नव्हती.

उपाय झाला तो कॅम्प पेंडलटन येथे. सॅन डिएगोच्या उत्तरेला असलेल्या, अमेरिकी मरीन सैन्याच्या या तळातून सांता मार्गारिटा नदी वाहते. तिच्या काठी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी व्हिरिओच्या निम्म्याच्या जवळपास घरट्यांत काउबर्डची अंडी सापडत होती. तेथे काउबर्ड पकडण्यासाठी खोलीएवढे जाळीचे पिंजरे लावण्यात आले. आत दाणापाणी आणि आमिष म्हणून काही जिवंत काउबर्ड ठेवलेले असतात. त्यांना पाहून इतर काउबर्ड वरच्या फटीतून आत उतरतात आणि त्यांना परत बाहेर पडता येत नाही. चुकून आलेले अन्य पक्षी रोज सोडून दिले जातात, काउबर्ड मारले जातात. दशकाच्या अखेरीस तेथील घरट्यांतील परकी अंडी जवळजवळ दिसेनाशी झाली आणि व्हिरिओच्या जोड्या डझनांवरून शेकड्यांवर गेल्या. सैनिकी तळाला तारेचे कुंपण होते, तेथे बिल्डरांना प्रवेश नव्हता, ही बाबही पक्ष्याच्या पथ्यावर पडली असे म्हणावे लागेल.

पेंडलटनचा हा धडा सर्वत्र लागू पडतो, असे मात्र नाही. याच काठवनांत राहणारा ‘साउथवेस्टर्न विलो फ्लायकॅचर’ हा दुसरा संकटग्रस्त पक्षी. त्याच्यासाठीही काउबर्ड पकडण्यात आले आणि त्याच्या घरट्यांतील परकी अंडीही कमी झाली, पण संख्या व्हिरिओसारखी वाढली नाही. बार्बरा कूस आणि मेरी व्हिटफील्ड या संशोधिकांनी २००५ मध्ये दोन्ही पक्ष्यांची तुलना करून हा फरक दाखवून दिला. एका पक्ष्याच्या वाढीला ज्याने अटकाव केला होता, तोच दुसऱ्याचाही मुख्य अडसर असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

व्हिरिओचा दुसरा शत्रू वनस्पती आहे आणि मूळ आशियाई आहे. आपल्याकडे नळ किंवा देवनळ या नावाने ओळखले जाणारे बांबूसारखे उंच गवत स्पॅनिश वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कॅलिफोर्नियात नेले. छपरे शाकारणे आणि काठाची धूप थांबवणे, हे त्याचे उपयोग. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन या वाद्यांची जिव्हाळीही याच नळाच्या कामटीची असते. अनुकूल परिस्थितीत हे गवत दिवसाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि आठ मीटरपर्यंत उंच होते. कॅलिफोर्नियात त्याला रुजणारे बी धरत नाही. पण पुरात तुटलेला कंदाचा वा कांडीचा तुकडा जिथे अडकेल, तिथे नवे बेट उभे राहते. म्हणजे विलोला नवी जमीन देणारा पूरच आता आधी नळाची लावणी करून जातो.

नळाच्या बेटात व्हिरिओला फारसे काही मिळत नाही. त्याच्या सरळ कांड्यांवर घरटे टांगण्याजोगी बेचकी विरळा असते आणि त्यावर किडेही विलोच्या मानाने कमी असतात. ते पाणी भरपूर पिते. वाळलेल्या कांड्या भडाभडा पेटतात आणि आगीनंतर विलोला पालवी फुटण्याआधीच नळ पुन्हा डोके वर काढतो. पुरात वाहून आलेले त्याचे भारे पुलांच्या खांबांना अडकून तुंबारा करतात, त्यामुळे पूरनियंत्रण खात्यालाही त्याचे वावडे. सांता ॲना नदीच्या खोऱ्यात १९९० च्या दशकापासून हजारो एकरांवरील नळ यंत्रांनी कापून आणि तणनाशके वापरून काढण्यात आला. हे काम वरच्या अंगाने सुरू करून खाली यावे लागते. तसे न केल्यास वरून वाहत आलेले तुकडे साफ केलेल्या जागेत पुन्हा रुजतात. शिवाय विणीच्या हंगामात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, कामाला हात लावता येत नाही.

याच नदीवरील प्राडो धरणामागचा परिसर या पक्ष्याच्या कहाणीतील सर्वांत विलक्षण ठिकाण म्हणता येईल. १९४१ मध्ये पूर्ण झालेले हे धरण पूरनियंत्रणासाठी बांधलेले असून एरवी त्यामागील खोलगट भाग बव्हंशी कोरडाच असतो. उन्हाळ्यात नदीला जे पाणी असते, त्याचा मोठा वाटा वरच्या अंगाच्या शहरांनी प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्याचा आहे. या बारमाही ओलाव्यावर धरणामागे विलोचे असे रान माजले, की दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी प्रदेशातील ते सर्वांत मोठे काठवन गणले जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यात तेथे व्हिरिओच्या मोजक्या जोड्या होत्या, पुढे त्या शेकड्यांनी वाढल्या. धरणाने काठवने बुडवली, हे नेहमीचे चित्र. येथे धरण आणि सांडपाणी यांनी मिळून एक काठवन घडवले.

मात्र त्याच पाण्यावर माणसाचाही हक्क आहे. धरणाच्या खालच्या बाजूस उत्तर ऑरेंज काउंटीतील सुमारे पंचवीस लाख लोकांचा पाणीपुरवठा मुख्यतः भूजलावर चालतो. ते भूजल भरण्यासाठी हिवाळी पावसाचे पाणी धरणात अडवून हळूहळू सोडणे सोयीचे ठरते. पाणी वसंत ऋतूपर्यंत साठवून ठेवले, तर एक मीटर उंचीवरची घरटी बुडतात. फार काळ साठवले, तर तळाची झुडपेच कुजतात. येथे तडजोड झाली ती पाण्याच्या पातळीवर. विणीच्या काळात किती उंचीपर्यंत पाणी धरायचे याची मर्यादा ठरली आणि त्याच्या मोबदल्यात पाणीपुरवठा जिल्ह्याने विलोची लागवड, नळाचे उच्चाटन आणि काउबर्ड पकडणे यांचा खर्च उचलला. पक्ष्याच्या प्रेमापोटी नव्हे, तर पाण्याच्या गरजेपोटी हे घडले. परंतु अनेक सदिच्छांच्या ठरावांपेक्षा हा व्यवहार अधिक टिकाऊ ठरला आहे.

लावलेल्या विलोत पक्षी येतो का, या शंकेचे उत्तर बार्बरा कूस यांच्याच १९९८ मधील अभ्यासाने दिले. लागवडीनंतर तीन ते पाच वर्षांत जागा घरट्याजोगी दाट होते, आणि शेजारी जुने काठवन असेल तर पक्षी लवकर येतो. याहून आश्चर्याची घटना जून २००५ मध्ये घडली. मध्यवर्ती खोऱ्यातील सॅन वाकीन नदी वन्यजीव आश्रयस्थानात, पूर्वीच्या शेतजमिनीवर काही वर्षांपूर्वीच लावलेल्या झुडपांत व्हिरिओचे घरटे सापडले. साठांहून अधिक वर्षांनंतरचे त्या खोऱ्यातील हे पहिले घरटे. त्या जोडीने पिल्ले वाढवली आणि २००६ मध्येही तेथे वीण झाली. दक्षिणेतील वस्त्यांपासून हे ठिकाण शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यानंतर खोऱ्यात इतरत्र एकट्या-दुकट्या पक्ष्यांच्या नोंदी झाल्या, पण जुन्या काळासारखी भरघोस वस्ती तेथे अद्याप उभी राहिलेली नाही.

दरम्यान विलोवरच नवे संकट आले. ‘कुरोशिओ शॉट होल बोरर’ हा आशियातून आलेला, तिळाएवढा भुंगेरा खोड पोखरून आत बुरशी वाढवतो आणि तिच्यावर पोसतो. मेक्सिकोच्या सरहद्दीलगतच्या टिवाना नदीच्या खोऱ्यात २०१५ मध्ये त्याने ओलसर जागेतील बहुसंख्य विलोंना ग्रासले. पोखरलेली खोडे वाऱ्या-पुरात मोडून पडली. विलो चिवट असल्याने बुंध्यातून धुमारे फुटले, हा त्यातला दिलासा.

१९९४ मध्ये सुमारे ३८ हजार एकर क्षेत्र व्हिरिओचा ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणून जाहीर झाले आणि १९९८ मध्ये पुनरुज्जीवनाचा आराखडा मसुद्याच्या रूपात आला. संख्या वाढल्यामुळे २००६ च्या सरकारी आढाव्यात या पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘धोक्यात आलेला’ असा आणण्याची शिफारस झाली. ती अमलात न येताच अनेक वर्षे उलटली. यादीतून नाव पूर्णपणे वगळण्यासाठी मात्र मसुद्याने दोन अटी घातल्या आहेत. मध्यवर्ती खोऱ्यासह जुन्या प्रदेशात पक्षी पुन्हा वसला पाहिजे, ही पहिली. दुसरी अट अशी, की माणसाच्या मोठ्या हस्तक्षेपाविना तो टिकून राहील अशी स्थिती हवी. आणि ते शक्य नसेल, तर काउबर्ड पकडण्याचा व नळ काढण्याचा खर्च कायमस्वरूपी निधीतून भागेल अशी तजवीज आधी झालेली असावी.